लेखकानंतर साठ वर्षे

पुस्तकाचे पहिले पान उलटले, की त्याच्या पाठीवर बारीक टाइपात ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते. हे हक्क कोणाच्या स्वाधीन आहेत ते तिथेच कळते, कारण शेजारी लेखकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असते. ते किती काळ स्वाधीन राहणार, हे मात्र कुठेच छापलेले नसते. ‘कायमचे’ असा आपला समज असतो, पण तो खरा नाही. कॉपीराइट म्हणजे स्वामित्वहक्क ही मुदतीची मालमत्ता आहे. घर, शेत, दागिने पिढ्यान्‌पिढ्या घरात राहू शकतात. पुस्तकावरचा हक्क एका ठरावीक दिवशी संपतो आणि पुस्तक सर्वांचे होते. मग कोणीही ते छापावे, त्याचे भाषांतर करावे, त्यावर नाटुकले बसवावे, वर्गात वाटावे. कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. गावाला जसे गायरान असते, तसे हे भाषेचे गायरान. फरक इतकाच, की गुरे फार झाली तर गायरानातले गवत संपते. पुस्तक कितीही जणांनी वाचले-छापले तरी संपत नाही.

या गायरानाचे कुंपण आपल्या नकळत आत सरकलेले आहे, आणि त्याचा फटका मराठीतून शिकवणाऱ्यांना विशेष बसतो. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडत आहे.

मोजणी कशी होते?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. मोजणी मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणजे २०१० अखेर मुदत संपली आणि १ जानेवारी २०११ ला ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. आज ती अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्यांत, निरनिराळ्या किमतींना मिळते, त्याचे कारण हे आहे. मुलांना सांगायची युक्ती सोपी: मृत्यूच्या वर्षात ६१ मिळवा. दोघांनी मिळून लिहिले असेल तर नंतर गेलेल्याचे वर्ष धरायचे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाला आणि सरकारी प्रकाशनांना प्रकाशनापासून साठ वर्षे मिळतात.

हा हक्क शब्दांवर असतो, कल्पनेवर नसतो, हे विज्ञानशिक्षकाने नीट लक्षात घ्यावे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ च्या सुमारास गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे काढण्याचे एक सूत्र दिले. ‘कोसंबी फलन’ म्हणून ते आजही जगभर वापरले जाते. ते सूत्र पहिल्या दिवसापासूनच सर्वांचे होते. पण ज्या वाक्यांत त्यांनी ते मांडले ती वाक्ये १ जानेवारी २०२७ रोजी सर्वांची होणार, कारण कोसंबी १९६६ मध्ये गेले. औषधाच्या शोधावर मिळणारे पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. विशीत लिहिलेल्या कवितेवरचा किंवा गाइडवरचा हक्क मात्र शंभर वर्षांच्या पुढेही सहज जाऊ शकतो.

पन्नासचे साठ

१९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतरची मुदत साठ नव्हे, पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर ७ ऑगस्ट १९४१ ला गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते १९९१ अखेर संपणार होते. ते संपू नयेत अशी मागणी झाली आणि १९९१ च्या डिसेंबरअखेर वटहुकूम निघाला. १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पन्नासचे साठ झाले. ही वाढ एकट्या रवींद्रनाथांसाठी नव्हती, साऱ्याच लेखकांना लागू झाली. परिणाम असा, की १९९२ ते २००१ या सलग दहा वर्षांत, लेखकाच्या मृत्यूवरून ज्यांची मुदत मोजली जाते असे एकही पुस्तक आपल्या देशात मोकळे झाले नाही. साने गुरुजींना २००१ ऐवजी २०११ पर्यंत थांबावे लागले. चंद्रशेखर वेंकट रामन आणि इरावती कर्वे दोघेही १९७० मध्ये गेले. पूर्वीच्या हिशेबाने रामन यांची विज्ञानावरील सुबोध भाषणे आणि इरावतीबाईंचे ‘युगान्त’ १ जानेवारी २०२१ पासून कोणालाही छापता आले असते. आता ते वर्ष २०३१ आहे.

महात्मा गांधींच्या लेखनाचा हक्क २००८ अखेर संपला, तेव्हा नवजीवन ट्रस्टने मुदतवाढ मागितली नाही, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

मुदत वाढवण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो: हक्क जितका लांब, तितके लेखकाला लिहायला प्रोत्साहन. वटहुकूम निघाला तेव्हा रवींद्रनाथांना जाऊन पन्नास वर्षे झाली होती. त्यांनी त्यामुळे आणखी एखादी ओळ लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. हयात लेखकाच्या बाबतीत काय होते, ते पाहण्यासाठी नववी-दहावीच्या वर्गात करण्यासारखे एक गणित आहे. समजा, लेखिकेने चाळिसाव्या वर्षी पुस्तक लिहिले आणि ती पंचाहत्तराव्या वर्षी गेली. हक्क ३५ अधिक ६०, म्हणजे ९५ वर्षे चालला. व्याजाचा दर शेकडा ७ धरा. ९५ वर्षांनी १०० रुपये हवे असतील तर आज बँकेत किती ठेवावे लागतील? चक्रवाढीने उत्तर येते सुमारे १६ पैसे. आता असे धरू, की पुस्तक दरवर्षी न चुकता १००० रुपये रॉयल्टी देते. (असे मराठी पुस्तक मी पाहिलेले नाही, पण गणितापुरते धरू.) मृत्यूनंतर पन्नास वर्षांची मुदत असेल तर या साऱ्या उत्पन्नाचे आजचे मूल्य सुमारे १४,२४० रुपये भरते. मुदत साठ केली तर त्यात भर पडते सुमारे २२ रुपयांची. बावीस रुपयांसाठी कोणी लेखिका दुसरे पुस्तक लिहायला बसेल असे मला वाटत नाही.

हे गणित माझे एकट्याचे नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये मुदत मृत्यूनंतर पन्नासवरून सत्तरवर नेली. तो कायदा न्यायालयात गेला तेव्हा सतरा अर्थशास्त्रज्ञांनी हाच हिशेब मांडला. त्यांत मिल्टन फ्रीडमन आणि केनेथ ॲरो यांच्यासारखे, एरवी एकमेकांशी क्वचितच सहमत होणारे नोबेल-विजेते होते. नव्या लेखनाला मिळणारे वाढीव प्रोत्साहन शेकडा एकाहून जास्त नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा कायम ठेवला.

मेकॉलेचा दुसरा चेहरा

मेकॉले हे नाव घेतले की आपल्याला १८३५ चे शिक्षणविषयक टिपण आठवते, आणि त्याबद्दल शिक्षकांची मते तिखट असतात. पण याच मेकॉलेने १८४१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात कॉपीराइटवर केलेले भाषण आजही वाचावे असे आहे. त्या देशातला पहिला कायदा १७१० चा होता. त्यात चौदा वर्षे हक्क मिळे, आणि चौदा वर्षांनी लेखक जिवंत असेल तर आणखी चौदा. १८४१ मध्ये टॅलफर्ड नावाच्या सभासदाने विधेयक आणले, की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क द्यावा. आज आपल्याकडे आहे तेवढीच मुदत. मेकॉलेने तिला विरोध केला. लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे हे त्याला मान्य होते. पण तो वाचकाच्या खिशातून येतो, पुस्तक महाग करून येतो. म्हणून तो लागेल तितकाच असावा, असे त्याचे म्हणणे होते.

वारसांचे काय, या प्रश्नालाही त्याने उत्तर दिले. मिल्टनने आपल्या महाकाव्याचे हक्क १६६७ मध्ये पुस्तकविक्रेत्याला पाच पौंड रोख घेऊन दिले. विक्री झाली तर आणखी थोडे मिळणार होते. १७५० मध्ये मिल्टनची नात हलाखीत होती. तिच्यासाठी लंडनमध्ये नाटकाचा मदतीचा खेळ लावावा लागला. त्याच काळात तिच्या आजोबांच्या काव्यावर हक्क सांगून दुसऱ्यांना छापू न देणारे लोक पुस्तकविक्रेते होते. हक्क एकदा लिहून दिला की तो वाढवून वारसांच्या घरी काही येत नाही. आपल्याकडे किती लेखकांनी, विशेषतः विज्ञानावर लिहिणाऱ्यांनी, एकरकमी मानधन घेऊन हक्क देऊन टाकले, हे जुन्या प्रकाशकांशी गप्पा मारल्या की कळते.

टॅलफर्डचे विधेयक त्या वर्षी पडले.

कुलपातली पुस्तके

खरे नुकसान रॉयल्टीच्या हिशेबात दिसत नाही. ज्या पुस्तकांना बाजारात मागणी आहे, ती हक्क असो वा नसो, छापली जातात. प्रश्न आहे तो ज्यांना बाजार नाही पण वाचक आहे अशा पुस्तकांचा.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातील विज्ञानशिक्षकांच्या गटाबरोबर मी काम करत होतो. त्यांच्यापैकी एका सरांकडे १९६० च्या दशकातले, टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करण्याचे एक छोटे मराठी पुस्तक होते. भाषा इतकी मोकळी, की सहावीतला मुलगा एकटा वाचून प्रयोग करील. कागद मात्र पिवळा पडून कडांनी तुटू लागला होता. दोनशे प्रती काढून शाळांना द्याव्यात असे ठरले. प्रकाशनसंस्था केव्हाच बंद झाली होती. लेखक १९७९ मध्ये वारले होते, एवढे कळले. मुलेबाळे कुठे आहेत ते कोणालाच सांगता येईना. ७९ अधिक ६१, म्हणजे २०४० पर्यंत थांबायचे. तो कागद तोवर टिकणार नाही. शेवटी आम्ही प्रयोग आमच्या शब्दांत लिहिले, आकृत्या नव्याने काढल्या. कल्पना मोकळी असते, त्यामुळे तेवढे करता आले. पण त्या अनाम झालेल्या गुरुजींची वाक्ये गेली, आणि आमची वाक्ये त्यांच्याइतकी चांगली नाहीत.

ज्यांच्या मालकाचा पत्ता लागत नाही अशा लेखनासाठी आपल्या कायद्यात कलम ३१-अ आहे. परवाना मागता येतो. त्यासाठी आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची आणि मग अर्ज करायचा. २०२१ पासून हे अर्ज न्यायालयापुढे जातात. दोनशे प्रतींसाठी ही वाट कोण धरणार?

मालकालाच हक्काची किती फिकीर असते, याचे उत्तर अमेरिकेच्या जुन्या पद्धतीतून मिळते. तिथे पूर्वी हक्क २८ वर्षांचा असे आणि नाममात्र शुल्क भरून अर्ज केला तर आणखी २८ वर्षे मिळत. १९६० च्या सुमारास सरकारनेच मोजणी केली, तेव्हा नूतनीकरण होणाऱ्या हक्कांचे प्रमाण शेकडा १५ हूनही कमी निघाले. बाकीच्यांना आपल्या हक्कात काही उरले आहे असे वाटत नव्हते. आपोआप चालणाऱ्या मुदतीत या पंधरांसाठी उरलेली पंच्याऐंशी पुस्तके कुलपात राहतात.

काय बदलता येईल?

मुदत मनाला येईल तेवढी कमी करता येत नाही. बर्न करार आणि जागतिक व्यापार संघटनेचा करार यांनी मृत्यूनंतर पन्नास वर्षे ही किमान मर्यादा घातली आहे, आणि भारत दोन्हींचा सभासद आहे. पण पन्नास ते साठ ही दहा वर्षे पूर्णपणे आपल्या हातातली आहेत. माझ्या मते ती सरळ परत घ्यावीत. तेवढे धैर्य नसेल तर मधला मार्ग आहे: शेवटची दहा वर्षे फक्त त्यांनाच द्यावीत, जे अर्ज करून, पत्ता नोंदवून ती मागतील. असा विचार अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या तेव्हाच्या प्रमुख मारिया पालांटे यांनी २०१३ मध्ये तिथल्या शेवटच्या वीस वर्षांसाठी मांडला होता. ज्याला हक्काची किंमत आहे त्याचा हक्क राहतो, आणि आमच्या प्रयोगांच्या पुस्तकासारखी पुस्तके दहा वर्षे आधी सुटतात.

सरकारी प्रकाशनांबाबत तर कोणत्याही कराराची आडकाठी नाही. चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे ‘नासा’ने घेतलेले छायाचित्र जगातल्या कोणत्याही शाळेच्या भिंतीवर, कोणत्याही पुस्तकात छापता येते, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीवर तिथे कॉपीराइटच नसतो. आपल्याकडे कायदे, राजपत्र, न्यायनिवाडे यांना सूट आहे; बाकी सरकारी पुस्तिका, नकाशे, चित्रे साठ वर्षे बंद. पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात, ही चांगली सोय आहे. पण वाचायला मिळणे वेगळे आणि त्यातला पाठ घेऊन, आपल्या गावाच्या उदाहरणांनी बदलून नवी पुस्तिका छापणे वेगळे. १९७२ साली छापलेले आणि अभ्यासक्रमातून कधीच गेलेले पाठ्यपुस्तकसुद्धा २०३३ पर्यंत असे वापरता येत नाही. जनतेच्या पैशातून जे तयार झाले ते पहिल्या दिवसापासून जनतेचे असावे, यात मला तरी काही क्रांतिकारक दिसत नाही.

आम्हा संशोधकांची स्थिती याहून विचित्र. सरकारी पैशावर संशोधन करायचे, निबंधाचे हक्क सही करून परदेशी नियतकालिकाला द्यायचे, आणि मग तोच निबंध वाचायला सरकारनेच वर्गणी भरायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली, ती तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची आहे. ती उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी आहे. शाळा तिच्यात नाहीत.

राज्य सरकारला कायदा बदलता येत नाही, पण हक्क विकत घेता येतात. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती १९२१ मध्ये गेले. त्यांच्या गीतांचे काही हक्क एका चित्रपटनिर्मात्याकडे होते. लोकमताच्या रेट्याने १९४९ मध्ये मद्रास सरकारने भारतींच्या लेखनाचे हक्क मिळवले आणि पुढे काही वर्षांत ते सर्वांना खुले केले. ती प्रथा तामिळनाडूत आजवर चालू आहे. लेखकाच्या वारसांना एकरकमी रक्कम देऊन शंभराहून अधिक लेखकांचे साहित्य असे मोकळे झाले आहे. महाराष्ट्राच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, म्हणजे इच्छा नाही असे म्हणता येणार नाही. विज्ञानावर मराठीत लिहून गेलेल्या वीस-पंचवीस लेखकांपासून सुरुवात करता येईल, आणि खर्चही फार येणार नाही.

आजच करता येण्याजोगे

कायदा बदलेपर्यंत, आहे त्या कायद्यात शिक्षकाला काही मोकळीक आहे. कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा हक्कभंग नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन निकाल दिला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. भाषांतरासाठी कलम ३२ आहे. परदेशी पुस्तक शिक्षणासाठी मराठीत आणायचे असेल आणि हक्कदार परवानगी देत नसेल, तर काही काळानंतर रॉयल्टी ठरवून परवाना मागता येतो. मराठीसारख्या, कोणत्याही विकसित देशात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेसाठी हा काळ प्रकाशनापासून अवघ्या एका वर्षाचा आहे. या कलमाचा उपयोग केलेला एकही मराठी प्रकाशक माझ्या पाहण्यात नाही.

आणि काही पुस्तके मोकळी झालेली असून आपले तिकडे लक्ष गेलेले नाही. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले सारे लेखन १ जानेवारी २०२५ पासून भारतात मोकळे आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी २०३४ संपावे लागेल. प्राण्यांचा आकार आणि त्यांचे शरीर यांच्या नात्यावरचा त्यांचा १९२६ चा निबंध प्रसिद्ध आहे. लांबी दुप्पट झाली की पृष्ठफळ चौपट आणि वजन आठपट होते, एवढ्या एका गोष्टीवरून उंच पडल्यावर उंदीर का वाचतो आणि घोडा का वाचत नाही, हे त्यात उलगडते. घनफळाच्या पाठाला जोडून दोन तासिकांत तो वाचून होईल. भाषांतर करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: मूळ निबंध मोकळा असला तरी मराठी भाषांतरावर नवा हक्क तयार होतो आणि तोही भाषांतरकारानंतर साठ वर्षे चालतो. तो नको असेल तर कलम २१ प्रमाणे जाहीर सूचना देऊन सोडता येतो. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर, जिथे एरवी ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापतात तिथे, ‘हे भाषांतर कोणीही छापावे’ असे छापून खाली नाव आणि तारीख घालावी.